खोली शांत, पण माईक कुठे?

खेळण्यांचा आवाज तपासायची खोली म्हटलं की आपण आधी भिंतीवरच्या फोमच्या पाचरा मोजतो. माझा आक्षेप इथंच आहे. पाचरेची लांबी तरंगलांबीच्या साधारण पाव पट लागते: १०० हर्ट्‌झला ८५ सेंमी, ५०० हर्ट्‌झला फक्त १७. यात्रेतल्या पिपाणीची बहुतेक ऊर्जा त्याहून वरच असते. मग एवढा खर्च कशाला? त्यापेक्षा बाहेरचा गोंगाट रोखा. बावड्यात गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर काही थांबणार नाहीत. गोंगाट खेळण्यापेक्षा १० डेसिबलने कमी असला, तर वाचनात चूक जेमतेम ०.४ डेसिबलची राहते.

खरा प्रश्न अंतराचा आहे. अमेरिकेचं एएसटीएम एफ९६३ मानक कानाशी धरायच्या खेळण्यांना ६५ आणि इतर खेळण्यांना ८५ डेसिबलची मर्यादा घालतं, दोन्ही ५० सेंमीवर. पण कुठलं खेळणं कानाशी न्यायचं, हे मूल ठरवतं, मानक नाही! बिंदुस्रोत धरला तर २.५ सेंमीवर २६ डेसिबल वाढतात, म्हणजे ८५ चे १११ होतात.

आपल्याकडे खेळण्यांना आयएस ९८७३ हे मानक २०२१ पासून सक्तीचं आहे, त्यामुळे या विषयावर काम वाढणारच. तुम्ही करणार असाल, तर प्रबंधात भिंतींआधी माईकची जागा लिहा, आणि ती का निवडली तेही.