भूकंपाची बातमी आणि भूकंपाची माहिती

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला, तेव्हा छापून झालेल्या वर्तमानपत्रांत गणेश विसर्जनाच्या बातम्या होत्या. चाळीसएक किलोमीटरवर काय घडले हे कळायला लातूरकरांना रेडिओ, दूरदर्शनच्या ठरावीक वेळेच्या बातम्या आणि लागला तर दूरध्वनी, एवढाच आधार होता. 21 मार्च 2024 रोजी सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला 4.5 महत्तेचा धक्का नांदेडला जाणवला, त्यामागून 3.6 चा दुसरा. या वेळी लोक घराबाहेर आले ते मोबाइल हातात घेऊनच. या वेगाबद्दल आमची तक्रार नाही. मिळालेल्या आकड्याचे पुढे जे होते, त्याबद्दल आहे.

बहुतेक बातम्या ‘4.5 रिश्टर तीव्रतेचा भूकंप’ असे लिहितात. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. महत्ता म्हणजे भूकंपाच्या उगमाचे मोजमाप. ती एका भूकंपाला एकच. तीव्रता म्हणजे त्या त्या ठिकाणी झालेला परिणाम. ती किल्लारीत एक, लातुरात दुसरी, नांदेडात तिसरी. दिव्याचे वॅट आणि आपल्या पुस्तकावर पडणारा उजेड यांत जो फरक, तोच येथे. शिवाय महत्तेची पट्टी सरळ नाही. एका अंकाने ऊर्जा सुमारे 32 पट वाढते. किल्लारीची महत्ता 6.2 धरली, तर तिची ऊर्जा 4.5 च्या धक्क्याच्या साडेतीनशे पट भरते. ‘4.5 म्हणजे किल्लारीच्या पाऊणपट’ असा हिशेब नांदेडच्या एखाद्या गच्चीवर मांडला गेला, तर दोष ऐकणाऱ्याचा नव्हे. किल्लारीचा आकडाही कुठे 6.2, कुठे 6.4 असा छापलेला आढळतो. मोजण्याच्या पद्धती निराळ्या असतात, हे कोणी सांगत नाही. मग ‘सरकार लपवते’ हा संशय आयताच तयार होतो.

खरा प्रश्न मात्र दुसराच असतो: आज रात्री घरात झोपावे का? येथे आमच्या मते बातमीदारांइतकेच आम्ही शास्त्रज्ञही कमी पडतो. ‘घाबरू नका’ एवढे एक वाक्य देऊन आम्ही मोकळे होतो आणि उरलेली जागा ‘दहा वाजता मोठा धक्का’ असले निनावी संदेश भरून काढतात. वेळ सांगणारा असा संदेश खोटाच असतो, कारण भूकंपाचा दिवस आणि तास सांगण्याची विद्या आज कोणापाशीही नाही. पण धीराचे वाक्यही तितकेच निराधार असू शकते. किल्लारीत ऑगस्ट 1992 पासून धक्के बसत होते, 18 ऑक्टोबर 1992 चा त्यांत मोठा होता. पुढे वर्षभरात काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. नांदेड शहरात 2007 च्या सुमारास असेच लहान धक्के दीर्घकाळ बसत राहिले आणि मोठा भूकंप झाला नाही. धक्के बसत असताना या दोहोंपैकी कोणती वाट पुढे येणार, हे ओळखता येत नाही. हे लोकांना समजणार नाही, असे धरून चालणे आम्हांस पटत नाही. ‘मोठ्या धक्क्याची शक्यता कमी आहे, पण शून्य नाही, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या घरात धोका अधिक’ ही दोन वाक्ये कोणत्याही बातमीत मावतात.

पुढचा धक्का जाणवला, तर शिक्षकांनी वर्गात प्रत्येकाला आपल्या घरी काय हलले ते लिहायला सांगावे: भांडी वाजली, टांगलेला दिवा हलला, की झोपलेले जागे झाले. नोंदी गावाच्या नकाशावर मांडाव्यात आणि शेजारी दुसऱ्या दिवशीची कात्रणे लावावीत.