पडद्यावरचे लोणार

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराची माहिती मिळवण्यासाठी आज ग्रंथालयाची पायरी चढावी लागत नाही. मोबाइलवर ‘लोणार’ एवढा शब्द टंकला की वृत्तपत्रांची संकेतस्थळे, विकिपीडिया, पर्यटनाच्या चित्रफिती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणारे मजकूर यांची रांग लागते. विद्यार्थी प्रकल्पवहीत हीच माहिती उतरवतात आणि पाठाच्या तयारीसाठी शिक्षकही तिचाच आधार घेतात. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या माहितीचेही करायला हवे. त्यासाठी महाजालावर लोणारविषयी नेहमी आढळणारी तीन विधाने आम्ही येथे तपासायला घेतली आहेत.

पहिले विधान असे : लोणार हे जगातील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे उल्काविवर असून बेसाल्ट खडकातील एकमेव विवर आहे. हे विधान तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, मोजपट्टी पुरते. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. मेक्सिकोतील चिक्शुलूब विवराचा व्यास सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे लोणारच्या शंभरपट आहे. इतके दूर जायचेही कारण नाही. मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात ढाला येथे सुमारे ११ किलोमीटर व्यासाची आघातरचना आहे. जे विवर भारतातही सर्वांत मोठे नाही, ते जगात तिसरे कसे असेल? ‘एकमेव’ हा शब्दही टिकत नाही. दक्षिण ब्राझीलमधील व्हार्जेआव आणि व्हिस्टा अलेग्रे या आघातरचना बेसाल्टमध्येच झालेल्या आहेत. लोणारचे खरे वैशिष्ट्य वेगळे आहे. बेसाल्टमध्ये झालेले आणि वाडग्यासारखा मूळ आकार इतका चांगला टिकवून असलेले विवर दुर्मिळ असते. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावरही बेसाल्ट विपुल असल्याने तेथील विवरे समजून घेताना शास्त्रज्ञ लोणारकडे वळतात. हे महत्त्व पुरेसे मोठे आहे. त्याला खोट्या क्रमांकाची गरज नाही.

दुसरे विधान वयाचे. बहुतेक ठिकाणी ‘लोणार ५२ हजार वर्षांपूर्वी तयार झाले’ असे ठामपणे लिहिलेले असते. हा आकडा खोटा नाही, पण तो अर्धाच सांगितला जातो. १९९७ साली सेनगुप्ता, भंडारी आणि वाटानाबे यांनी उष्मादीप्ती पद्धतीने विवराचे वय ५२,००० ± ६,००० वर्षे असे काढले. खनिजांमध्ये नैसर्गिक किरणोत्सारामुळे ऊर्जा साठत जाते. आघाताच्या उष्णतेने हा साठा रिकामा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून भरू लागतो. नमुना तापवला की ही ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते, आणि त्या प्रकाशावरून किती काळ गेला हे ठरवता येते. पुढे २०११ साली ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठाचे जुर्दाँ आणि त्यांचे सहकारी यांनी आघाताने वितळलेल्या खडकाचे वय अरगॉन पद्धतीने मोजले. पोटॅशियमच्या किरणोत्सारी अणूंपासून तयार होऊन खडकात अडकलेल्या अरगॉन वायूवर ही पद्धत आधारलेली आहे. त्यांचे उत्तर होते ५,७०,००० ± ४७,००० वर्षे.

दोन उत्तरांमध्ये सुमारे अकरा पटींचा फरक आहे. वर्गात फळ्यावर दोन्ही पल्ले लिहून पाहावेत : पहिला ४६ ते ५८ हजार, दुसरा ५ लाख २३ हजार ते ६ लाख १७ हजार. हे पल्ले एकमेकांना कोठेही शिवत नाहीत. म्हणजे हा फरक मोजमापाच्या किरकोळ चुकीचा नसून, निदान एका पद्धतीत काहीतरी निसटले असले पाहिजे. खनिजाची ऊर्जा साठवण्याची क्षमता मर्यादित असते आणि साठलेली ऊर्जा कालांतराने गळूही शकते. तसे झाले तर वय प्रत्यक्षापेक्षा कमी येते. उलट, सुमारे साडेसहा कोटी वर्षे जुन्या मूळ खडकातील अरगॉन वितळताना पूर्ण बाहेर पडला नाही आणि त्याचा हिशोब नीट झाला नाही, तर वय जास्त येते. नवव्या-दहावीच्या विद्यार्थ्याला हे सहज समजेल. परंतु ‘५२ हजार’ एवढाच आकडा हाती पडला, तर त्यामागचे हे सारे विज्ञान त्याच्यापर्यंत पोचतच नाही. नकल करताना सर्वांत आधी गळते ते ‘±’ हे चिन्ह, मग पद्धतीचे नाव, आणि शेवटी वर्ष.

तिसरे प्रकरण रंगाचे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे पाहता पाहता देशभर पसरली. मोबाइलचा कॅमेरा रंगांत आपणहून फेरफार करतो, त्यामुळे शंका घ्यायला जागा होती. पण नासाच्या लँडसॅट-८ उपग्रहाच्या २५ मे आणि १० जून या दोन दिवसांच्या छायाचित्रांतही बदल स्पष्ट दिसत होता. म्हणजे घटना खरी होती. अडचण झाली ती कारणांच्या बाबतीत. शैवालापासून टाळेबंदीपर्यंत अनेक तर्क त्याच दिवसांत छायाचित्रांबरोबर फिरू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, आणि जुलैमध्ये उत्तर मिळाले : खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या गुलाबी रंगद्रव्यामुळे हा रंग आला होता. संस्थेतही सुरुवातीला ड्युनालिएला या शैवालाचा संशय होता. तपासणीनंतर तो सोडून द्यावा लागला. विज्ञान असेच चालते. पण नमुने तपासायला आठवडे लागतात आणि बातमी पुढे पाठवायला क्षणही लागत नाही. ज्यांच्याकडे ‘गूढ’ पोचले, त्या सर्वांकडे उत्तर पोचले असेल असे मानायला आधार नाही.

या तिन्ही उदाहरणांत दोष एकच आहे. महाजालावर एक विधान शंभर ठिकाणी दिसले की वाचकाला ते शंभर जणांनी पडताळल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात एकाने लिहिलेले नव्याण्णवांनी उतरवलेले असते. विज्ञानात पुनरावृत्ती म्हणजे मोजमापाची पुनरावृत्ती, मजकुराची नव्हे.

तरीही महाजालाला सरसकट दोष देणे आम्हाला मान्य नाही. छापील विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते, त्यामुळे जबाबदारी ठरते. पण नवे संशोधन आले तरी पुढील आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर दुरुस्ती त्याच दिवशी करता येते. शिवाय प्रत्येक लेखाच्या माथ्यावर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास पहा’ अशा दोन खिडक्या असतात. कोणते वाक्य कधी आले, कधी बदलले आणि त्यावर कोणता वाद झाला, हे तेथे दिसते. ज्ञान तयार होताना पाहण्याची अशी सोय छापील पुस्तकात नाही. आमच्या मते विद्यार्थ्यांना लेखापेक्षाही या खिडक्या आधी दाखवाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरील मजकुराला मात्र ना लेखक असतो ना इतिहास. तो पुरावा म्हणून प्रकल्पवहीत घेऊच नये.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. महाजालावरील प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारायला लावावेत : हे कोणी मोजले, कोणत्या पद्धतीने, आणि केव्हा? उत्तर सापडले तर ते आकड्याशेजारी लिहावे. सापडले नाही तर ‘मूळ स्रोत मिळाला नाही’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत. खरे तर त्याला जास्तच द्यावेत.

लोणार, मेहकर किंवा सिंदखेड राजा परिसरातील शाळांना आणखी एक काम करता येईल. २०२० मध्ये सर्वांना पडलेला पहिला प्रश्न होता, ‘असे पूर्वी झाले होते का?’ त्याचे उत्तर देण्यासाठी वर्षानुवर्षांच्या तारीखवार नोंदी लागतात. सरोवर अभयारण्यात असल्याने पाण्यात उतरण्याची गरज नाही. दर महिन्याला विवराच्या काठावरील ठरलेल्या एकाच जागेवरून, ठरलेल्या वेळी एक छायाचित्र घ्यावे. सोबत तारीख, आकाशाची स्थिती आणि पाण्याच्या कडेची एखादी ओळखीची खूण नोंदवावी. दहावीची तुकडी गेली की वही नववीकडे द्यावी. अशी दहा वर्षांची नोंद महाजालावर सर्वांसाठी खुली ठेवली, तर पुढच्या वेळी सरोवराचा रंग बदलेल तेव्हा संशोधकांनाही ती उघडून पाहावी लागेल.