‘शेतकऱ्याचा असूड’ आणि सरकारी लाभांचा हिशेब : एक चिकित्सा

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हा ग्रंथ प्रामुख्याने जातिव्यवस्थेची चिकित्सा आणि शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे चित्रण म्हणून वाचला जातो. सरकारी तिजोरी कोण भरतो व तिचा लाभ कोणाला मिळतो, हा त्यातील हिशेब मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात या हिशेबाचाच विचार करावयाचा आहे.

ग्रंथातील तिसऱ्या प्रकरणाचे लांबलचक शीर्षकच पाहावे. आर्यांचे इराणातून आगमन आणि सरकारी कामगारांचे पगार-पेन्शन हे दोन विषय तेथे एका दमात आले आहेत. आर्यागमनाची फुल्यांची मांडणी आजच्या संशोधनाच्या कसोटीवर जशीच्या तशी टिकणारी नाही. परंतु त्यामुळे उत्तरार्धातील हिशेब खोटा ठरत नाही. शेतसारा, लोकल फंड, जकात अशा नाना वाटांनी शेतकऱ्याकडून गोळा झालेला पैसा पगार-पेन्शनांत जिरतो आणि शेतकरी कर्जबाजारी होतो, हे फुले येथे दाखवून देतात. चौथ्या प्रकरणात कलेक्टरच्या तंबूकडून स्वतःशीच बोलत परतणारा कुणबी येतो, तेव्हा याच हिशेबाला घर, गोठा आणि चूल लाभते. ग्रंथाचे वाङ्मयीन सामर्थ्य या प्रकरणात आहे, असे आमचे मत आहे.

या हिशेबाला आमच्या गावाचे नावही साक्ष देते. चांदूर ‘रेल्वे’ झाले ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेमुळे. ही रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली व वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेऊ लागली. कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती. तूट आल्यास ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरून दिली जाई. जोखीम रयतेची आणि व्याज विलायतेतील भागधारकाचे, असा हा व्यवहार होता. त्याचे नाव मात्र ‘हमी’.

नावांचा हा प्रश्न आजही सुटलेला नाही. २००८ च्या केंद्रीय योजनेला ‘कर्जमाफी’ म्हटले गेले. ती प्रारंभी सुमारे ६० हजार कोटी रुपयांची होती. २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. त्यास ‘प्रोत्साहन’ म्हटले गेले. दोन्ही रकमांची वर्षे व स्वरूप वेगळे आहे, आणि करकपातीमुळे गुंतवणूक वाढते हा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि ‘माफी’ या शब्दात घेणाऱ्याचा अपराध गृहीत धरलेला असतो, ‘प्रोत्साहना’त त्याचा गौरव. संपत्ती करही २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशातील ४०.१ टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे होती.

बरे, माफीही सर्वांना सारखी लाभली नाही. २००८ च्या योजनेत संपूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंतच होती. बागायती पाच एकर आणि वऱ्हाडातील कोरडवाहू पाच एकर यांत तिने भेद केला नाही. त्यामुळे पावसाच्या भरवशावर सात-आठ एकरांत कपाशी घेणारा आमच्याकडचा शेतकरी ‘मोठा’ ठरून अंशतः सवलतीच्या रकान्यात गेला. कापूस वेचणाऱ्या भूमिहीन स्त्रीचा तर सातबाराच नाही. फुल्यांचा ‘शेतकरी’ हा शब्दही येथे अपुरा पडतो. त्यात कुणबी, माळी, धनगर येतात, पण जमीनधारक आणि मजूर यांचे हितसंबंध वेगळे असू शकतात, याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

येथे एक गोष्ट संकोचाने नमूद करावीशी वाटते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात फुल्यांनी रयतेच्या पैशातून वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाबद्दल तक्रार केली होती. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. तेच वर्ग तासिका तत्त्वावर घेणाऱ्या सहकाऱ्याची मिळकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. वर्गात फुले शिकविताना निवेदनाचा हा भाग चटकन ओलांडला जातो. प्रस्तुत लेखकानेही तो अनेकदा ओलांडला आहे.