शाराकूची नटचित्रे : व्यंग की वास्तव?

प्रास्ताविक :
अठराव्या शतकातील एदो (आजचे टोकियो) नगरीत काबुकी रंगभूमी आणि लाकडी ठशांनी छापलेली चित्रे यांचे नाते परस्परपूरक होते. नटाच्या लोकप्रियतेवर चित्रे खपत आणि चित्रांमुळे नटाची कीर्ती वाढे. या बाजारपेठेत १७९४ मध्ये तोशूसाई शाराकू या चित्रकाराचा उदय झाला. प्रकाशक त्सुताया जूझाबुरो याच्यासाठी त्याने सुमारे दहा महिन्यांत १४० हून अधिक चित्रे केली आणि तो दिसेनासा झाला. तो नेमका कोण होता, याची चर्चा विपुल झाली. त्याने काय पाहिले, हा प्रश्न त्यामानाने मागे पडला. त्याच्या चित्रांना व्यंगचित्रे मानण्याच्या प्रवृत्तीची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
शाराकूच्या पहिल्या २८ चित्रांत गडद अभ्रकी पार्श्वभूमीवर केवळ नटाचा चेहरा व ऊर्ध्वांग दिसते. १६२९ मध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी झाल्यानंतर काबुकीतील स्त्रीभूमिका पुरुष नट करू लागले. दुसरा सेगावा तोमिसाबुरो हा असाच एक नट. यादोरिगी या स्त्रीच्या भूमिकेतील त्याच्या चित्रात केशभूषा व वस्त्रे स्त्रीची आहेत. परंतु हाडकुळा, लांबट चेहरा पुरुषाचा आहे. हे पुरुषत्व लपविण्याचा कोणताही प्रयत्न शाराकू करीत नाही. तिसऱ्या ओतानी ओनिजीच्या एदोबेई या खलपात्राचे पंजे वस्त्रातून पुढे आलेले आहेत, मान ताणलेली आहे. त्यात पात्राच्या क्रौर्याइतकेच ते साकारणाऱ्या नटाचे श्रमही जाणवतात.

त्याच वर्षी उतागावा तोयोकुनी याने नटांची पूर्णाकृती चित्रमाला सुरू केली. तिच्यातील नट डौलदार आहेत. रसिकाला जो नट हवा, तोच तेथे भेटतो. शाराकू मात्र नट आणि भूमिका यांतील अंतर उघडे ठेवतो.

व्यंगचित्रात उपहासाचा हेतू गृहीत असतो. परंतु जवळच्या काळातील लेखक ओता नान्पो याने नोंदविलेला आक्षेप उपहासाचा नाही. नटांचे अतिरेकी यथार्थ चित्रण केल्यामुळे शाराकू फार काळ टिकला नाही, असे त्याचे म्हणणे आहे. ही नोंद व्यंगचित्राच्या मताला छेद देते.

समारोप :
नंतरच्या टप्प्यांत शाराकूच्या आकृती लहान झाल्या, पार्श्वभूमीवर देखावे आले आणि चेहऱ्यांतील ताण ओसरला. हे परिवर्तन बाजाराच्या दबावामुळे झाले असावे, असे अनुमान करता येते. १९१० मध्ये जर्मन अभ्यासक युलिउस कुर्थ याच्या ग्रंथामुळे पाश्चात्त्य जगाचे लक्ष शाराकूकडे वेधले गेले. तथापि त्याचे मोल या उशिरा लाभलेल्या कीर्तीत नाही. अभिनय हे माणसाने देहाने केलेले कष्टाचे काम आहे, ही जाणीव त्याने नटाच्या चाहत्यांसाठीच्या चित्रात आणली. त्याच्या चित्रांचे मूल्यमापन याच निकषावर व्हावयास हवे.