सरकत्या भिंती आणि धर्मशिक्षण

चर्चच्या वास्तूविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा वेदी, मनोरा, घंटा आणि रंगीत काचा यांविषयी बोलतो. आपली मुले दर रविवारी तासभर बसून श्रद्धेची मुळाक्षरे जिथे गिरवतात, त्या खोल्यांची समीक्षा कोणी लिहीत नाही. नव्या सभागृहाचा नकाशा समितीपुढे आला की पहिला प्रश्न येतो तो किती खुर्च्या मावतील हा, आणि दुसरा खर्चाचा. त्या खोलीत मूल काय शिकेल हे बहुतेक वेळा भिंती उभ्या राहिल्यावर विचारले जाते. संत पोप दहावे पायस यांनी १९०५ साली ‘अचेर्बो निमिस’ या परिपत्रकाद्वारे रविवारी आणि सणाच्या दिवशी मुलामुलींना एक तास धर्मशिक्षण देण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले. तासाचा नियम आपण आपापल्या परीने पाळत आलो आहोत. खोलीचा विचार मात्र ज्याचा त्याने करायचा आहे. तो करताना मला एक जुनी वास्तू पुन्हा पुन्हा आठवते. ती आपल्या नव्हे, तर मेथडिस्ट बंधूंच्या परंपरेतील आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचे शहर आहे. शेतीची कापणीयंत्रे बनविणारे तेथील कारखानदार लुइस मिलर (१८२९–१८९९) हे आपल्या चर्चच्या संडे स्कूलचे अधीक्षक होते. जेकब स्नायडर या वास्तुविशारदाच्या साहाय्याने त्यांनी १८७०च्या सुमारास चर्चला लागून संडे स्कूलची एक अभिनव इमारत उभी केली. मध्यभागी मोठे दालन, त्याच्या एका बाजूला अधीक्षकाचे व्यासपीठ, आणि त्याच्याभोवती अर्धवर्तुळात वर्गखोल्या, खाली एक रांग आणि वर सज्जात दुसरी. खोल्यांची तोंडे व्यासपीठाकडे. दारे उघडली की सगळी शाळा एक सभा होई; प्रार्थना व गीत झाले की दारे बंद होत आणि त्याच जागी पुष्कळ वर्ग सुरू होत. मुलांना जागचे हलावे लागत नसे. पुढे ही रचना ‘अ‍ॅक्रन योजना’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि अनेक पंथांच्या चर्चांनी तिचे अनुकरण केले.

या रचनेचे गुण मान्य करायला हवेत. हाताशी जेमतेम एक तास असताना मुलांची ने-आण करण्यात त्यातली दहा मिनिटे घालविणे परवडत नाही, हे यंत्रे बनविणाऱ्या मिलर यांनी अचूक ओळखले होते. शिवाय आपण सारे एक मंडळी आहोत, नंतर आपापल्या वयाच्या वर्गात जातो, हा अनुभव लहानग्यालाही मिळत होता. १८७२ साली अमेरिकेतील संडे स्कूलांनी सर्व वयांसाठी दर रविवारी एकच बायबलपाठ अशी पद्धत स्वीकारली. तिला ही इमारत अगदी मापाने शिवलेल्या अंगरख्यासारखी बसली.

पण अंगरखा मापाचा असला की अंग वाढल्यावर तो घट्ट होतो. पाच वर्षांच्या मुलाला आणि पंधरा वर्षांच्या मुलीला एकच पाठ पुरत नाही, हे शिक्षकांच्या ध्यानात येऊ लागले. १९०८ साली वयानुसार पाठमालेला मान्यता मिळाली. प्रत्येक वयोगटाला स्वतःची प्रार्थना, स्वतःचे गीत, स्वतःची शांतता हवी झाली आणि अर्धवर्तुळाचे प्रयोजनच सरले. पातळ दारांतून शेजारच्या वर्गाचा आवाज येई ही तक्रार तर होतीच. काही दशकांतच ही रचना मागे पडली. पाठ बदलायला एक ठराव पुरला. विटांना तो लागू झाला नाही.

माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. त्या इमारतीत प्रत्येक मूल ज्याच्याकडे तोंड करून बसते, तो अधीक्षक आहे. एका जागेवरून सगळे वर्ग दिसावेत ही सोय त्याची आहे. देखरेख उत्तम होते. परंतु मुलाच्या डोळ्यांपुढे सतत व्यवस्था राहते. पुढे या योजनेच्या अनेक चर्चांत वर्गांचे दालन आणि उपासनेचे दालन यांच्यामध्ये सरकती भिंत आली. गर्दीच्या दिवशी ती बाजूला सारायची आणि वर्गांची जागा जादा बैठकीसाठी वापरायची. म्हणजे वर्ग आणि उपासना यांचे नाते गर्दीपुरते उरले.

हे लिहिताना मला दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तिथे आम्ही सभागृह बांधले आणि लाकडी सरकत्या भिंतींनी त्याचे सहा वर्ग केले. नकाशावर सही माझीच होती. अ‍ॅक्रनचे नावही तेव्हा मला ठाऊक नव्हते. पण त्याच्या चुका मी नेमक्या गिरवल्या. एका वर्गात आठवी आज्ञा चाले, पलीकडे नोहाच्या तारवाचे गाणे, आणि मधल्या वर्गातील शिक्षिका दोन्ही ऐकत हताश उभी राही. नाताळानंतर लग्नसराई सुरू झाली की शनिवारी रात्री भिंती सरकत, आणि रविवारी सकाळी मुले व्हरांड्यात बसत. एकदा तिसरीतल्या एका मुलाने मला सरळ विचारले, “फादर, आज लग्न आहे की वर्ग?” मी हसून वेळ मारून नेली. पण आपल्या तासाचे मोल किती, हे त्या मुलाला त्या भिंतींनी आधीच शिकविले होते.

याच्या अगदी उलट विचार रोममध्ये झाला. बायबल व हिब्रू भाषेच्या अभ्यासक सोफिया काव्हालेत्ती (१९१७–२०११) यांनी १९५४ साली जान्ना गोब्बी या माँटेसरी शिक्षिकेसह स्वतःच्या घरातच काही मुलांना घेऊन धर्मशिक्षण आरंभिले. ‘उत्तम मेंढपाळाची धर्मशिकवण’ म्हणून पुढे ते अनेक देशांत पोहोचले. त्यांच्या खोलीला त्यांनी वर्ग म्हटले नाही, ‘आत्रिउम’ म्हटले. प्राचीन महामंदिरांपुढे जे अंगण असे त्याचे हे नाव असून, मारिया माँटेसरी यांनी ते बार्सिलोनातील आपल्या प्रयोगात आधीच योजले होते. या खोलीत मुलाच्या हाताला येतील अशी ठेंगणी फडताळे असतात. त्यांवर लहानशी वेदी, स्नानसंस्काराची सामग्री, लाकडी मेंढवाडा, मेंढपाळ आणि त्याची मेंढरे. मूल ती हाताळते आणि मग चर्चमध्ये गेल्यावर तीच वेदी मोठ्या आकारात ओळखते. खोलीचे नावच सांगते की इथून पुढे मंदिरात जायचे आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. तिला थोडी मुले, तयार शिक्षक आणि आठवडाभर कोणी न हलविणारी खोली लागते. शेकडो मुले आणि मोजक्या खोल्या असलेल्या आपल्या धर्मग्रामांना ती जशीच्या तशी पेलणार नाही. पण तिच्यामागचा विचार आपल्याला परका नाही. स्वतः माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धाची वर्षे त्यांनी इथेच काढली. त्यांच्या नावाच्या बालवाड्या आपण शहरोशहरी पाहतो. तिथली ठेंगणी फडताळे आपल्या धर्मशिक्षणाच्या खोलीपर्यंत येऊ नयेत, हे खेदाचे आहे.

तेव्हा पुढचा नकाशा पुढ्यात येईल त्या वेळी वास्तुविशारदाच्या आधी धर्मशिक्षिकांना बोलवावे, एवढी माझी विनंती आहे. सभागृह अवश्य बांधावे. लग्नेही आपलीच आहेत. परंतु निदान एक खोली अशी असावी, जी कोणत्याही मुहूर्तासाठी रिकामी करावी लागणार नाही. ती तळमजल्यावर असावी, भिंती पक्क्या असाव्यात, आणि तिथून चर्चचे दार मुलांना दिसावे. सर्वांत लहान मुलांना ती प्रथम द्यावी. त्या तिसरीतल्या मुलाला मी उत्तर दिले नव्हते. आज कोणी तोच प्रश्न विचारला, तर आपण त्याचा हात धरून त्याला त्या खोलीत नेऊ शकलो पाहिजे.