कार्यक्रमाचा क्रम हीही समीक्षाच : कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थी-नभोवाणीविषयी काही विचार

१

निवडक कवितांचा संग्रह सिद्ध करणे हे समीक्षेचेच कार्य होय, हे मत आता नवे राहिलेले नाही. संपादकाने प्रस्तावनेत एक अक्षरही लिहिले नाही, तरी कोणती कविता घेतली, कोणती वगळली आणि कोणती कोणाच्या शेजारी ठेवली, यांवरून त्याची काव्यदृष्टी प्रकट होतेच. नभोवाणीच्या कार्यक्रमांकडे मात्र या दृष्टीने पाहण्याची सवय आपणांस नाही. गीत चांगले की वाईट, गायक तयारीचा की कच्चा, एवढाच विचार करून आपण थांबतो. एका गीतानंतर दुसरे कोणते यावे, आणि ते कोणी व कोणत्या अधिकाराने ठरवावे, हा प्रश्न आपण तांत्रिक समजून सोडून देतो. तो तसा नाही, तो अभिरुचीचा व म्हणून समीक्षेचा प्रश्न आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी आधाराला घेतले आहे ते न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थ्यांनी चालविलेले केंद्र, डब्ल्यू. के. सी. आर्.

हे केंद्र प्रस्तुत लेखकास केवळ योगायोगाने आढळले. उन्हाळ्यातील एका सायंकाळी उत्तरपत्रिका तपासीत असता संगणकावर दूरदेशीची केंद्रे लावून पाहण्याचा चाळा चालला होता. एका ठिकाणी सॅक्सोफोनचे जॅझवादन लागले. ते संपल्यावर निवेदकाने वादकांची नावे, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि त्याच बैठकीत झालेल्या आधीच्या प्रयत्नाशी त्याचा असलेला फरक, हे सारे इतक्या बारकाईने सांगितले की, आपल्या विषयातील पाठभेदांची चर्चाच ऐकत आहोत असे वाटले. मग घड्याळात सात वाजले, म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ झाले, आणि कसलाही गाजावाजा न होता युरोपीय अभिजात संगीत सुरू झाले. उत्तरपत्रिका त्या दिवशी तशाच राहिल्या.

२

केंद्राचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. विद्यापीठातील नभोवाणी-मंडळाचे नियमित ध्वनिक्षेपण इ. स. १९४१ मध्ये सुरू झाले आणि एफ्. एम्. पद्धतीचा परवाना १९५६ मध्ये मिळाला. ही पद्धती ज्यांनी शोधली ते एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हे याच विद्यापीठातील विद्युत-अभियांत्रिकीचे प्राध्यापक. ध्वनिवाहक लहरीची उंची कमीअधिक करण्याऐवजी तिची कंपनसंख्या बदलावी, म्हणजे आकाशातील विद्युत्-गोंगाट बाजूला पडून संगीत स्वच्छ ऐकू येते, हे त्यांनी 'फिलॉसॉफी हॉल' या इमारतीच्या तळघरातील प्रयोगशाळेत सिद्ध केले. १९३५ मध्ये त्यांनी हा शोध अभियंत्यांच्या सभेपुढे मांडला. पुढे एका बलाढ्य कंपनीशी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडून ते थकले आणि १९५४ च्या ३१ जानेवारीस त्यांनी आत्मघात केला. त्यांच्या शोधावर त्यांच्याच विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे केंद्र आज चालते. याच केंद्रावर लुई आर्मस्ट्राँग यांच्या ट्रंपेटला मानाचे स्थान आहे. आणि १९९० पासून १९९८ पर्यंत गुरुवारच्या उत्तररात्री येथूनच ज्या कार्यक्रमाने हिप्-हॉपच्या पुढे कीर्तिमान झालेल्या अनेक तरुणांना प्रथम श्रोते मिळवून दिले, त्याच्या दोन सूत्रधारांपैकी एकाने 'स्ट्रेच आर्मस्ट्राँग' हेच नाव धारण केले होते. शास्त्रज्ञ, वादक आणि टोपणनाव असे तीन आर्मस्ट्राँग एका केंद्राच्या इतिहासात यावेत हा योगायोगच होय. परंतु केंद्राचा पैस त्यावरून सहज ध्यानात येतो.

१९६८ च्या विद्यार्थी-आंदोलनाच्या काळात या केंद्राने विद्यापीठातील घडामोडी थेट प्रसृत केल्या. त्यानंतर लवकरच त्याने आपल्या संगीताची दिशा बदलली. जे संगीत इतर केंद्रांवर ऐकावयास मिळत नाही ते आपण द्यावे, असे धोरण स्वीकारले गेले. जॅझ, अभिजात संगीत, नवसंगीत, अमेरिकेतील ग्रामीण व लोकपरंपरेचे संगीत, लॅटिन संगीत आणि जगातील इतर भाषांचे संगीत, असे त्याचे विभाग पुढे स्थिर झाले. जाहिराती नाहीत, खर्चाचा भार बव्हंशी श्रोत्यांच्या देणग्यांवर.

३

या केंद्रावर अनेक वर्षे चालत आलेल्या कार्यक्रमांची नावे साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी. पहाटेच्या जॅझला 'डेब्रेक एक्स्प्रेस' हे नाव आहे; ड्यूक एलिंग्टन यांच्या आगगाडीच्या गतीवर रचलेल्या १९३३ च्या रचनेचे ते नाव. दुपारच्या जॅझला 'आऊट टु लंच', म्हणजे जेवावयास बाहेर, असे म्हटले आहे. ते एरिक डॉल्फी यांच्या १९६४ च्या ध्वनिमुद्रिकेवरून घेतले आहे आणि वेळेलाही चपखल बसते. उत्तररात्रीच्या नवसंगीताला शोनबर्ग यांच्या 'ट्रान्सफिगर्ड नाइट' या रचनेचे नाव. सकाळच्या अभिजात संगीताला 'सीरियल म्युझिक' म्हणताना न्याहरीचे धान्य आणि शोनबर्गप्रणीत स्वरमालिकांचे संगीत या दोन अर्थांचा श्लेष साधलेला आहे. ज्ञात्याला सूचितार्थ कळावा आणि अज्ञात्याला निदान घड्याळाची वेळ तरी कळावी, अशी ही नावे आहेत. विद्वत्ता मिरविण्याचा दोष त्यांत नाही, कारण नाव कळले नाही म्हणून संगीत ऐकावयाचे अडत नाही.

४

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. परस्परांशी नाते नसलेली ही संगीते एका दिवसात एकापाठोपाठ आली, तर रसभंग होत नाही काय?

आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतात रसविरोधाचा आणि त्याच्या परिहाराचा विचार केला आहे. परस्परविरोधी रस लागोपाठ आले तर बाध येतो. पण मध्ये तिसरा, दोहोंशी अविरोधी असा रस घातला तर तो टळतो. नागानंदात शांत आणि शृंगार यांच्या मध्ये अद्भुत येतो, हे त्याचे उदाहरण. नभोवाणीच्या कार्यक्रमाला हे तत्त्व लावून पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. व्यापारी केंद्रे विरोधाचा परिहार करीत नाहीत. ती विरोधच टाळतात. एकाच जातीची, एकाच लयीची आणि एकाच काळातील गीते ती दिवसभर वाजवितात. प्रस्तुत केंद्र विरोध पत्करते आणि दोन संगीतांच्या मध्ये निवेदकाचे बोलणे ठेवते. ते रसयुक्त असते असे नव्हे. पुष्कळदा ते अडखळते, क्वचित कंटाळवाणेही होते. पण 'आता जे ऐकाल ते कोणाचे, केव्हाचे आणि का ऐकावयाचे' एवढे ते सांगते. श्रोत्याचे चित्त एका रसातून निघून दुसऱ्यास सिद्ध होण्यास जो अवकाश लागतो तो त्यामुळे मिळतो. अद्भुताचे कार्य येथे माहिती करते, असे म्हणावयास हरकत नाही.

या केंद्राचे दुसरे वैशिष्ट्य याच्या अगदी उलट दिशेचे आहे. थोर कलावंतांच्या जन्मदिनी नेहमीचा क्रम मोडून चोवीस तास त्या एकाचेच संगीत लावले जाते. लेस्टर यंग यांचा जन्म २७ ऑगस्टचा व चार्ली पार्कर यांचा २९ चा. म्हणून ते तिन्ही दिवस दोघांना अर्पण केलेले असतात. डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांत ३१ च्या मध्यरात्रीपर्यंत बाखचा उत्सव चालतो. लुई आर्मस्ट्राँग आपला जन्मदिवस ४ जुलै सांगत. त्यांच्या मृत्यूनंतर सापडलेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून तो ४ ऑगस्ट १९०१ ठरला. केंद्र दोन्ही दिवस पाळते. कलावंताची स्वतःविषयीची कथा आणि संशोधनाचा निर्णय या दोहोंचा मान राखण्याची ही रीत आपल्या चरित्रकारांनीही विचारात घ्यावी अशी आहे.

दररोज विविधता आणि उत्सवात एकनिष्ठा, असे हे दुहेरी सूत्र आहे. नुसती विविधता श्रोत्याला चाखत फिरणारा बनविते आणि नुसती एकनिष्ठा त्याला पंथात बसविते. दोन्ही मिळून मात्र रसिक घडण्याचा संभव असतो.

५

एवढे गुण सांगितल्यावर दोषही सांगितले पाहिजेत.

पहिला दोष असा की, येथे संगीते शेजारी असली तरी त्यांचे परस्परांशी बोलणे होत नाही. प्रत्येक विभागाची वेळ निराळी आणि तज्ज्ञ निराळे. जॅझमधील लॅटिन ताल किंवा अमेरिकन नवसंगीतावरील भारतीय प्रभाव हे दोन विभागांच्या सीमेवरील विषय होत; वेळापत्रकात त्यांना घर नाही. वाड्यातील खोल्या पुष्कळ, पण मधली दारे थोडी, अशी ही अवस्था आहे.

दुसरा दोष वर्गीकरणाचा. युरोप-अमेरिकेच्या संगीताला अनेक स्वतंत्र विभाग आणि उरलेल्या बहुतेक जगाला 'सर्व भाषांत' अशा अर्थाचा एकच विभाग, ही विभागणी औदार्याची दिसली तरी न्यायाची नाही. हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताला 'राग और ताल' नावाचा कार्यक्रम आहे ही आनंदाची गोष्ट. तथापि न्यूयॉर्कची सायंकाळ ती पुण्याची पहाट. तिकडे वेळेवर लागलेला यमन इकडे भूपाच्या नव्हे, भैरवाच्या वेळी ऐकू येतो. हा दोष केंद्राचा नव्हे. परंतु दूरदेशीच्या श्रोत्याने समयसिद्धांताचे काय करावे, हा प्रश्न त्याने उभा केला आहे खरा.

तिसरी शंका सर्वांत गंभीर आहे. विद्यार्थी चार वर्षांत येतात आणि जातात. मग एवढे ज्ञान टिकले कोठे? फिल शाप हे १९७० मध्ये विद्यार्थी म्हणून या केंद्रावर बोलू लागले आणि पदवी घेऊनही गेले नाहीत. केवळ चार्ली पार्कर यांना वाहिलेला 'बर्ड फ्लाइट' हा सकाळचा कार्यक्रम त्यांनी १९८१ पासून चालविला. ७ सप्टेंबर २०२१ रोजी ते निवर्तले. एका ध्वनिमुद्रणाच्या तारखेवर ते इतके बोलत की, संगीत केव्हा लागणार असे श्रोत्यास वाटे. विद्यार्थ्यांच्या केंद्राची स्मृती अर्धशतक एका अ-विद्यार्थ्याने वाहिली, हा विरोधाभास नाकारता येणार नाही. पण परंपरा म्हणजे तरी दुसरे काय? गुरू एकच राहतो आणि शिष्य बदलतात. प्रश्न एवढाच की, गुरू गेल्यावर शिष्य उभे राहतात की नाही.

याचे एक उत्तर अनपेक्षित बाजूने मिळाले. ३० एप्रिल २०२४ च्या रात्री पोलीस विद्यापीठाच्या हॅमिल्टन हॉलमध्ये शिरले, तेव्हा आवारातून या केंद्राच्या विद्यार्थ्यांनी केलेले थेट निवेदन जगभर ऐकले गेले. कोण, कोठे, किती वाजता, एवढे पाहिलेले सांगावे आणि न पाहिलेले सांगू नये, ही शिस्त त्यांच्या बोलण्यात होती. ती त्यांना वार्ताविभागात मिळाली असेलच. पण ध्वनिमुद्रिकेवरील वादकांची नावे चुकू न देण्याचा जो संस्कार त्या स्टुडिओत रोज घडतो, त्याचाही तीत वाटा असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

६

शेवटी आपल्याकडे पाहू. अभिरुची घडविण्याचा मोठा प्रयोग आपल्याकडेही झाला. माहिती व नभोवाणी मंत्री या नात्याने बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी १९५२ नंतर अभिजात संगीताला आकाशवाणीवर अग्रस्थान दिले आणि चित्रपटगीतांना जवळजवळ रजा दिली. त्यांचा हेतू उदात्त होता आणि अभिजात कलावंतांना त्या धोरणाचा आधार मिळाला, हे मान्यच केले पाहिजे. पण श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ च्या ३ ऑक्टोबरला 'विविध भारती' सुरू करून शासनाला चित्रपटगीताला पुन्हा दार उघडावे लागले. वगळून अभिरुची घडत नाही. शेजारी ठेवून आणि समजावून सांगून ती घडण्याचा संभव असतो, हा या दोन प्रयोगांच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष होय.

चेन्नई येथील अण्णा विद्यापीठात २००४ मध्ये देशातील पहिले विद्यापीठीय समाज-नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुण्यासही 'विद्यावाणी' आहे. अशा केंद्रांना आपल्या नियमांनुसार आकाशवाणीच्या बातम्यांखेरीज स्वतंत्र बातम्या देता येत नाहीत. त्यामुळे २०२४ सारखी रात्र आपल्या विद्यार्थ्यांच्या वाट्यास तशी येणार नाही. परंतु संगीताचा दिवस रचण्यास कोणाचा प्रतिबंध आहे? पहाटे ओवी, मग भास्करबुवांच्या परंपरेतील गायन, दुपारी लावणी, सायंकाळी नाट्यपद आणि रात्री नव्या मुलांचे रॅप, असा क्रम एखाद्या विद्यार्थ्याने आखावा; प्रत्येकाच्या मध्ये कोणाचे, केव्हाचे आणि का, हे तीन शब्द खात्री करून सांगावे; आणि तो क्रम असाच का, याचा जाब आम्हा अध्यापकांना द्यावा. त्या जाबाला आम्ही समीक्षेच्या प्रश्नपत्रिकेइतकेच गुण देऊ शकलो, तर हा अभ्यास वाया गेला नाही असे म्हणता येईल.