उंचीवरील दृष्टिबिंदू आणि ‘विंटर सनराइज’

ॲन्सेल ॲडम्स ह्यांच्या १९४४ मधील ‘विंटर सनराइज’ ह्या छायाचित्राची चर्चा बहुधा प्रकाशापाशीच थांबते. वस्तुतः ते मोटारीच्या टपावरील मंचावरून टिपलेले आहे, ही बाब गौण नव्हे. ८ × १० इंची कॅमेऱ्याचे भिंग काही बोटे वर सरकविल्याने चौकट सरकते. परंतु कुंपणामागे दडलेले कुरण त्याने उघडे होत नाही. त्यासाठी खुद्द दृष्टिबिंदूच पुरेसा उंच हवा. चरणारा घोडा, उजळलेले कुरण, काळ्या टेकड्या आणि सिएरा नेवाडाची हिमशिखरे ह्यांतील सुटेपण बऱ्याच अंशी ह्या उंचीचे देणे होय. टेकडीवर लोन पाइनच्या विद्यार्थ्यांनी रचलेली ‘एल-पी’ ही अक्षरे मात्र ॲडम्स ह्यांनी मागाहून पुसली. शुद्ध छायाचित्रणाचा पुरस्कार करणाऱ्या, १९३२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एफ/६४’ गटाच्या संस्थापक-सदस्याची ही दुरुस्ती सहजी पचनी पडत नाही.